गाड्याला दोरी नसते

"गाडा रिकामा होता, एवढंच म्हण. बाकी मी बघतो."

रामनाथ वकिलांनी हे तिसऱ्यांदा सांगितलं आणि जिवल्या भगतानं तिसऱ्यांदा मान डोलावली. आधीच्या दोन्ही वेळी तो मान डोलावून पायऱ्या उतरला होता आणि रस्त्यावरून परत वर येऊन म्हणाला होता, "पन वकीलसायब, रिकामा नव्हता तो." त्यामुळे या खेपेला वकिलांनी त्याला निघू न देता समोरच्या बाकावर बसवून घेतलं. जिवल्या बसला. बसूनही त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. गाडा रिकामा असता तर तो ढकलायचा कशाला, हेच त्याला उमगत नव्हतं.

वकील तसे भले होते. पालघरच्या कोर्टात नुकतेच काळा कोट घालून उभे राहू लागले होते. जिवल्याची केस त्यांनी फुकट घेतली होती, त्यामुळे त्यांचा जीव तिच्यात जास्तच होता. ते समजावत म्हणाले, "हे बघ. कायद्याची दोन कलमं लावलीयत तुला. रोग पसरेल असं वागलास, पण हयगयीनं वागलास, तर सहा महिने. मुद्दाम, दुष्टाव्यानं वागलास, तर दोन वर्षं. दोन्हीकडे एकच प्रश्न आहे. तुला माहीत होतं का, की त्या गाड्यातून रोग पलीकडे जाईल? तू म्हणायचं, गाड्यात रोगबिग काही नव्हता, नुसती लाकडाची गाडी होती. सुटलास."

"आनि मरीमाय?"

"मरीमाय नव्हती त्यात."

"मग कुटं होती?"

वकिलांनी डोक्याला हात लावला.

आता हा गाडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. बोईसरहून दर्याकडे जाताना डाव्या हाताला एक टेकाड लागतं. त्याच्या माथ्यावर कुडाचापाडा आहे, पायथ्याला ओहोळ आणि ओहोळापलीकडे भोकरपाडा. त्यापुढे वाड्या, वाड्यांपुढे घिवलीचा किनारा. कुडाच्यापाड्यात जुलाब-वांतीची साथ आली, म्हणजे पाड्याच्या भाषेत मरीमाय आली, की भगत पांगाऱ्याच्या लाकडाचा एक छोटा गाडा करायचा. दोन हातांत उचलून धरता येईल एवढाच. त्यात मरीमायला बसवायचं, लाल फडकं, हिरव्या बांगड्या, आरसा ठेवायचा आणि पानाच्या द्रोणात गूळभात. हा भात घराघरातून मुठीमुठीनं गोळा व्हायचा. ज्या घरात माणूस पडलेलं असेल त्या घरची मूठ पहिली, आणि तीही आजाऱ्यानं स्वतःच्या हातानं घातलेली. कारण ज्याच्या घरी पाहुणी उतरली त्यानंच तिला शिदोरी द्यायची, हे उघड आहे.

मग लांब काठीनं मागून ढकलत ढकलत गाडा ओहोळापलीकडे न्यायचा. गाड्याला दोरी कधी बांधायची नाही. जिला घालवायचं तिला आपल्याकडे ओढून घ्यायचं का? गाडा जाताना बायका-पोरांनी घरात भिंतीकडे तोंड करून बसायचं, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. भोकरपाड्यानं दुसऱ्या दिवशी तो आपल्या शिवेवरून पुढच्या गावात ढकलायचा, त्यानं त्याच्या पुढच्या. असं करत गाडा घिवलीला पोचला की तिथले मांगेले कोळी ओहोटी बघून तो दर्यात सोडायचे. दर्या काही कुणाकडे गाडा ढकलत नाही. त्याच्या पोटात सगळं मावतं.

यात कुणाला कुणाचा राग यायचा नाही. पावसाळ्यात पाणी वरून खाली येतं, तसा गाडा डोंगरातून दर्याकडे जायचा. भोकरपाड्यातले मोठे बागाईतदार तात्या तर दर वेळी गाड्यावर आपले पाच नारळ चढवून तो पुढे ढकलायला माणसं द्यायचे. तेच तात्या या केसमध्ये फिर्यादी होते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

त्या वर्षी, म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा, श्रावणात कुडाच्यापाड्यात मरीमाय आली. दोन म्हातारे गेले. पाड्याचा कारभारी चिंतू, त्याची बायको पडली. मग सरकारी नर्स पुष्पलताबाई चिखल तुडवत वर आल्या. त्यांनी विहिरीत पांढरी पूड टाकली, गोळ्या वाटल्या, पाणी उकळून प्या म्हणून ओरड ओरड ओरडल्या. त्यांच्यामागून दवंडीवाला आला. साथीच्या गावातून माणूस, जनावर, सामान काहीही बाहेर न्यायचं नाही, नेलं तर शिक्षा होईल, असं तो ओरडून गेला.

जिवल्यानं दवंडी नीट ऐकली. तो काही कायदा मोडणारा माणूस नव्हता. जंगलखात्याच्या गार्डालासुद्धा तो रामराम करायचा. त्यानं विचार केला, मरीमाय माणूस नाही, जनावर नाही, आणि तिला सामान म्हणायची हिंमत कुणाची आहे? शिवाय सरकारलाही साथ जायलाच हवी आहे. म्हणजे सरकार पुडीनं जे करतंय, तेच आपण गाड्यानं करतोय. उलट सरकारनं आपल्याला हातभार लावायला हवा. असा विचार करून त्यानं पांगारा तोडला.

गाडा करताना त्याला ठकीची आठवण आली. ठकी म्हणजे त्याच्या लेकीची, नवसीची पोर. नवसी भोकरपाड्यातच दिलेली. नवरा बोटीवर कामाला, आणि हिचं खोपट पाड्याच्या अगदी शेवटी, जिथून पुढे वाड्या सुरू होतात तिथे. ठकीला जिवल्या दर दिवाळीला पांगाऱ्याचा गाडा करून द्यायचा. त्याला दुसऱ्या तऱ्हेचा गाडा करताच येत नव्हता, तेव्हा तो तसाच व्हायचा. तीच चाकं, तशीच बैठक. मरीमायचा गाडा पोराला खेळायला देऊ नये, असं त्याचा बाप असता तर म्हणाला असता. पण ठकी तो गाडा घेऊन अंगणभर नाचायची आणि जिवल्याला बापाचं म्हणणं आठवायचं नाही.

गाडा गेला. दवंडी पाळून जिवल्या अलीकडेच उभा राहिला, लांब काठीनं त्यानं तो ओहोळापलीकडे भोकरपाड्याच्या हद्दीत सोडला, मागं न बघता परत आला, आणि आठवडाभरात कुडाच्यापाड्यातली साथ हटली. पुष्पलताबाई म्हणाल्या, पुडीनं हटली. पाडा म्हणाला, गाड्यानं. दोघंही खूष होते.

पण गाडा दर्याला पोचलाच नाही. त्या उन्हाळ्यात भोकरपाडा आणि वाड्यांच्या मधे एका कारखान्याची भिंत उभी राहिली होती. लांबच लांब, वर काचा लावलेली. भोकरपाड्याचे बाप्ये गाडा ढकलत तिथे गेले, तर जुनी पायवाट भिंतीत शिरून नाहीशी झालेली. फाटकावर रामकिसन नावाचा वॉचमन उभा. त्याला त्यांनी सांगितलं, देवी आहे, वाट दे. रामकिसननं गाड्याला हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाला, "माताजी को प्रणाम है भाई, पर गेटपास के बिना अंदर कोई नहीं जाएगा." देवीजवळ गेटपास नव्हता. बाप्यांनी गाडा भिंतीच्या कडेला गवतात ठेवला आणि ते घरी आले. लाज वाटली म्हणून कुणी कुणाला सांगितलं नाही.

चार दिवसांनी ठकीला वांती सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. भोकरपाड्यात गेलेलं ते पहिलं माणूस. मग आणखी काही जण पडले, तात्यांच्या वाडीतले गडी पडले, तात्यांची म्हातारी आई पडली. तात्या तडक पोलिसांत गेले.

जिवल्याला ठकीचं कळलं, पण दवंडीमुळे ओहोळ ओलांडता येईना. साथ उतरली तेव्हा तो गेला. नवसी दारात बसली होती. तीही आजारातून उठलेली, नुसती हाडं राहिलेली. तिनं बापाकडे पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. जिवल्या अंगणात उकिडवा बसून राहिला, मग उठून आला. तेव्हापासून एकच गोष्ट त्याला कुरतडत होती. ठकीला मी मारलं का?

पोलीस त्याला न्यायला आले तेव्हा खरं तर त्याला बरं वाटलं. सरकारला ठाऊक असेल, सरकार सांगेल, असं त्याला वाटलं. पण तिथे उलटंच झालं. हवालदारच त्याला विचारू लागला, "गाडा ढकललास तर रोग पलीकडे जाईल, हे तुला माहीत होतं?"

"त्याच्यासाटीच तर ढकलला, सायब."

हवालदारानं लिहायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. आरोपी इतक्या सरळपणे कबूल झालेला त्यानं उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. "म्हणजे मुद्दाम?"

"नाय तं काय चुकून ढकलतंय कोन?"

म्हणून दोन्ही कलमं लागली.

आणि आता वकील म्हणत होते, गाडा रिकामा होता म्हण. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा जिवल्याच्या छातीवरचा धोंडा क्षणभर उतरला होता. गाडा रिकामा, तर ठकी गाड्यानं गेली नाही. पण त्याच दिवशी चिंतू कारभारी भेटला आणि म्हणाला, "भगता, रिकामा व्हता म्हनतोस म्हनं? मग माय कुटं हाय? आमच्यातच बसलीय अजून? माझी बायको गेली, तुला तांदूळ दिला, कोंबडा दिला, तो काय रिकाम्या लाकडाला दिला?" जिवल्या ते मनाशी घोळवत घरी आला. गाडा भरलेला म्हणावा, तर ठकीचा जीव त्याच्या हातून गेला. रिकामा म्हणावा, तर साऱ्या पाड्याला त्यानं फसवलं, आणि त्याच्या बापानं, आज्यानंही फसवलं. तुरुंगाचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. तुरुंगात काय, भात मिळतो असं ऐकून होता.

वाटेत पुष्पलताबाई भेटल्या तेव्हा त्यानं त्यांनाच विचारलं, "बाय, तुमी सांगा. रोग गाड्यातनं जातो का?"

"नाही रे बाबा. जंतू असतात. पोटातून जातात, तोंडावाटे."

"जंतू म्हंजे मरीमायची मानसं?"

बाई हसल्या नाहीत. दमलेल्या होत्या. "तसं समज हवं तर," म्हणाल्या आणि एस.टी.त चढल्या. जिवल्याचा गोंधळ आणखी वाढला.

कोर्टाच्या दिवशी कुडाच्यापाड्यातून चिंतूसकट बरीच माणसं आली, भोकरपाड्यातूनही आली. दोन्ही पाडे व्हरांड्याच्या दोन टोकांना बसले. नवसी मधे खांबाला टेकून एकटी बसली होती. तिला सरकारतर्फे साक्षीला बोलावलं होतं. पहिली मेलेली पोर तिची, म्हणून. जिवल्या तिच्यापासून चार हातांवर उभा राहिला. "नवसे, भाकर खाल्लीस?" त्यानं विचारलं. ती खांबाकडेच बघत राहिली.

आत गेल्यावर त्यानं टेबलावर पाहिलं. गाडा तिथे होता. पोलिसांनी जप्त करून आणलेला, चिठ्ठी चिकटवलेला. चाकं त्याचीच होती, उजव्या चाकाला पांगाऱ्याची गाठ आली होती तीही तशीच. पण गाड्याला पुढून दोरी होती. लाल पातळाचा काठ फाडून, पीळ देऊन बांधलेली, चांगली दोन हात लांब.

गाड्याला दोरी कुणी बांधली? पोलिसांनी? ओढत आणायला? पोलीस काय गाडा ओढत आणतील, जीपमधून आणतील. भोकरपाड्याच्या बाप्यांनी? त्यांना काय कळत नाही? जिवल्या त्या दोरीकडे इतका वेळ बघत राहिला की त्याचं नाव दोनदा पुकारावं लागलं.

तात्यांनी साक्ष दिली. या अडाणी लोकांच्या खुळचट चालींमुळे आपल्या गावावर संकट आलं, असं ते ठणकावून म्हणाले. रामनाथ वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, मागच्या खेपेला गाड्यावर पाच नारळ कुणी घातले होते? तात्यांना खोकला आला. पाणी प्यायले आणि म्हणाले, "ते... परंपरा म्हणून." मागे बसलेला कुणीतरी खुदकन हसला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं तसा तो गप्प झाला. रामकिसननं सांगितलं की माताजींना त्यानं अडवलं नाही, गाड्याला अडवलं. यावर साहेबांनी बराच वेळ काही लिहिलं नाही.

मग पुष्पलताबाई. वकिलांची सगळी मदार त्यांच्यावर होती. त्यांनी विचारलं, "बाई, लाकडाच्या खेळण्याएवढ्या गाड्यातून ही साथ जाते का?"

"नाही. दूषित पाण्यातून जाते. किंवा अन्नातून."

वकील खूष होऊन खाली बसले. सरकारी वकील उठले. "गाड्यात भात असेल, आणि तो आजारी माणसानं हातानं घातलेला असेल, आणि कुणी खाल्ला असेल तर?"

"पण तो भात कुणी खात नाही. सगळे घाबरतात त्याला."

"समजा खाल्ला."

"तर जाऊ शकते," त्या म्हणाल्या.

शेवटी नवसीला पिंजऱ्यात उभं केलं. तिला शपथ घ्यायला सांगितली, तिनं घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं, "हा गाडा ओळखतेस?"

"हां. माझ्या बाचा हाय."

"तुझ्या गावात कसा आला, माहीत आहे?"

"आदी नव्हतं माहीत." तिचा आवाज बारीक होता, पण फुटत नव्हता. "आमाला बायांना गाडा बघू देत नाय. म्हायेरी पन भिंतीकडं तोंड करून बसायची मी, सासरी पन. मरीमायचा गाडा कसा असतो, मी जन्मात बघलेला नाय. ठकी सकाळची कारखान्याच्या भिंतीकडं गेली नि ह्यो घेऊन आली. म्हनली, आये, आजानं धाडला."

जिवल्यानं कठड्याला धरलं.

"मी बघला. बाचीच चाकं. दिवाळीला करतो तसाच. बांगड्या व्हत्या, आरसा व्हता, द्रोनात गूळभात व्हता. मला वाटलं, दवंडी झालीय, बाला ओहोळ उतरून येता येत नाय. म्हनून पोरीसाटी शिवंवर ठेवून गेला. कुनाच्यातरी हातानं भिंतीपाशी पोचवला. पोरगी भात मागाय लागली. म्हनलं, खा, आजाचा खाऊ हाय. मी पन एक घास खाल्ला." ती थांबली. मग टेबलाकडे बोट करून म्हणाली, "ओढायला दोरी पायजे म्हनून रडत व्हती. माझ्या पातळाचा काठ फाडून मी बांधली. दोरी मी बांधलीय."

सरकारी वकिलांकडे आणखी प्रश्न लिहून आणलेले होते, पण त्यांनी कागद पालथा घातला. "बस," म्हणाले. रामनाथ वकिलांनीही काही विचारलं नाही. नवसी खाली उतरली आणि जिवल्यासमोरून जाताना, त्या दारातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच, त्याच्याकडे तिनं पाहिलं. त्या नजरेत राग असेल, दोष असेल, या भीतीनं तो इतके दिवस वाळत होता. त्यात तसलं काहीच नव्हतं. तीही त्याच्यासारखीच भ्यालेली होती. इतके दिवस ती आपल्यालाच विचारत होती, ठकीला मी मारलं का?

साहेबांनी जिवल्याला विचारलं, "तुला काही सांगायचंय? गाडा रिकामा होता, असं तुझ्या वकिलांचं म्हणणं आहे."

वकिलांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. मागून चिंतूही बघत होता, तात्याही. जिवल्याला एकदम कळलं की रिकामा म्हटलं तर तो सुटेल, पण मग नवसीनं पोरीला खाऊ घातलं, एवढंच मागे उरेल. दोरी तेवढी उरेल.

"रिकामा नव्हता, सायब," तो म्हणाला. "भात व्हता. घराघरातला. जे पडले व्हते त्यांच्या हातचा. मीच म्हनलं, त्यांच्या हातनंच घाला. चिंतूच्या बायकोनं घातला, ती सांजला गेली. मरीमाय व्हती का नाय, आता मला सांगता यायचं नाय. मला वाटलं व्हतं, हाय. पन भात व्हता. माझ्या नवसीची काय चूक नाय. तिला काय ठावं? गाडा माझा. ल्येकीला शिक्षा करू नका."

"तिला कोण शिक्षा करतंय?" साहेब म्हणाले. "तुला माहीत होतं का, की भातातून रोग जातो?"

"नाय, सायब. मरीमाय भात खाऊन बसून जाते, तेवढं ठावं व्हतं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खूप वेळ पुस्तक चाळलं. मग निकाल सांगितला. दुष्ट हेतू नाही. हयगय आहे. आरोपीला कोर्ट उठेपर्यंत कैद.

रामनाथ वकिलांनी खुशीनं जिवल्याचा हात दाबला. जिवल्याला काही कळलं नाही. शिपायानं त्याला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "बस इथं. कोर्ट उठेपर्यंत." जिवल्या बसला. कुंपणाचं भांडण आलं, ते संपलं. सायकलचोर आला. पंखा फिरत होता. दार उघडं होतं आणि दारातून त्याला खांबाशी बसलेली नवसी दिसत होती. कैद ती हीच का, असं त्यानं शिपायाला विचारलं. शिपाई म्हणाला, हीच. जिवल्याला वाटलं, एवढी पोर गेली, आणि एवढंच? त्याला मग सरकारची कीव आली. सरकारलाही काही ठाऊक नव्हतं.

दिवस कलला. साहेब उठले, सगळे उठले. जिवल्या बसूनच राहिला. "ऊठ, झाली शिक्षा," शिपाई म्हणाला.

"कुटं झाली?"

"अरे उठ रे बाबा, आम्हाला घरी जायचंय."

व्हरांड्याच्या टोकाला दुसऱ्या खोलीत जप्त मालाचा कारकून बसायचा. तो गाडा हातात घेऊन बाहेर आला आणि ओरडला, "हा कुणाचा? घेऊन जा, नाहीतर जाळून टाकतो." जिवल्या, चिंतू, तात्या, दोन्ही पाड्यांची माणसं, सगळी तिथेच होती. चिंतू म्हणाला, "आमचा नाय. आमी शिवेपल्याड पोचवला तेवाच आमचा संपला." तात्या म्हणाले, "आमचा कशाला? आमच्यावर लादलेला." कारकून वैतागला. "अरे मग काय कोर्टाचा आहे?"

"ठकीचा हाय," नवसी म्हणाली.

"मग बोलव तिला, अंगठा लागेल तिचा."

कारकुनाला बिचाऱ्याला काय माहीत? तो दुसऱ्या खोलीत बसत होता. त्यानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि त्याची शाईची डबी हातातच राहिली.

जिवल्या पुढे झाला. "मी तिचा आजा," म्हणाला आणि त्यानं अंगठा उठवून दिला. गाडा उचलून घेतला, पायऱ्या उतरून रस्त्यावर आणून ठेवला आणि सवयीनं काठी शोधू लागला. काठी नव्हती. काठी त्यानं आणलीच नव्हती. दोन्ही पाडे व्हरांड्यातून बघत होते, आणि कुणीही खाली उतरत नव्हतं.

नवसी उतरली. वाकून तिनं लाल दोरी उचलली, तिची धूळ झटकली आणि बापाच्या हातात दिली.

"ओढ, बा," ती म्हणाली.

"ओढायचा नसतो गं."

"ठकी ओढायची."

जिवल्यानं दोरी हाताला गुंडाळली. नवसी त्याच्या शेजारी चालू लागली, आणि तो गाडा आपल्याकडे ओढत एस.टी. स्टँडच्या दिशेनं निघाला.